दुसरं कडवं

माझ्या आत्याला कुणी दुखावलं तर तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही. ती भांडत नाही, रडत नाही, बोलणं टाकत नाही. उलट त्या माणसाला बसायला खुर्ची देते, चहा विचारते. आणि थांबते. शेजारच्या बाईंनी एकदा तिच्या खिडकीतल्या कुंड्यांना नावं ठेवली होती. आत्या सहा वर्षं गप्प बसली. त्या बाई घर बदलून जाताना सगळा मजला निरोप द्यायला जमला, तेव्हा आत्याने त्यांना रंगीत कागदात बांधलेली कुंडी भेट दिली. कागद सोडला तर आत नुसती माती. "तुमच्या हाताला यश असतं ना, तुम्हीच काहीतरी लावा," असं म्हणाली, अगदी गोड आवाजात.

कुंड्यांसाठी सहा वर्षं, तर नवऱ्यासाठी अकरा. मला विचाराल तर मी म्हणेन, कमीच.

आत्या चित्रफिती जोडते. गावातल्या संगीतसंस्थेचं दोनशे खुर्च्यांचं सभागृह आहे, त्यात लांबलचक काळा पियानो आहे, आणि दर महिन्याला तिथे एक गायक आणि एक पियानोवादक जर्मन गाणी सादर करतात. नाटक नाही, पोशाख नाही, मागे वाद्यवृंद नाही. एक कविता, एक गळा, दहा बोटं. चार मिनिटांत गाणं संपतं. तीन कॅमेरे ते टिपतात आणि आठवड्याभरात ती फिल्म जगभर जाते. बघणारे थोडे, पण महाखवचट. मांडीवर गाण्याचं पुस्तक उघडं ठेवून बघतात आणि एक शब्द इकडचा तिकडे झाला की लगेच लिहून कळवतात. फिल्मखाली शब्दांचे अर्थ टाकायचं काम माझं. वीस वर्षं तेच करते आहे, त्यामुळे जर्मनमध्ये मला भाजी मागता येणार नाही, पण प्रेमभंग झाला तर व्यवस्थित सांगता येईल.

आमची खोली म्हणजे पूर्वीची कोट ठेवायची जागा. भिंतीवर अजून पितळी खुंट्या आहेत, त्यांवर आम्ही हेडफोन आणि छत्र्या टांगतो. दोन पडदे, दोन खुर्च्या. आत्याच्या खुर्चीचा उजवा हात मोडलेला आहे, कारण ताल चुकला की ती त्याच्यावर मूठ आपटते.

या कामातली एक गोष्ट बाहेर कुणाला माहीत नसते. कार्यक्रमाच्या दुपारी जी तालीम होते, तिला गायक आणि वादक संध्याकाळचेच कपडे घालून येतात. तोच कोट, तोच भांग, खिशातल्या रुमालाची घडीसुद्धा तशीच. का? तर संध्याकाळी कुठे घसरलं तर दुपारचा तुकडा तिथे बसवता यावा म्हणून. कट श्वासावर मारायचा. गायक श्वास घेतो दुपारी आणि सोडतो संध्याकाळी, आणि बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. आत्यासारखा सांधा मारणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, संस्थेचे पियानोवादक होते. मोठे कान, अरुंद खांदे, चालताना भिंतीच्या कडेकडेने जाणारा माणूस. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरात पियानोने बैठकीची खोली अशी व्यापली होती की जेवणाचं टेबल वाटेत मांडावं लागे आणि न्हाणीघरात जायचं तर जेवणाऱ्याला उठवावं लागे. त्यांना सगळी गाणी शब्दांसकट पाठ होती. ते म्हणायचे, "गायकाच्या तोंडात शब्द येण्याआधी माझ्या बोटात यायला हवा. तो चुकला तर मी त्याच्या चुकीच्या मागे जायचं, म्हणजे लोकांना ती चूक वाटत नाही." साथ म्हणजे काय, हे याहून सोपं मला कुणी सांगितलेलं नाही.

बावीस वर्षं त्यांनी ज्याला साथ केली, त्याला आमच्या खोलीत आम्ही 'बुवा' म्हणायचो. उंच, भारदस्त, खोल आवाजाचा माणूस. पियानोच्या कडेच्या बाकात असा उभा राहायचा की जणू तो पियानो त्याच्यासाठीच आत वाकला होता. गायचा उत्तम. ते मी नाकारत नाही. नाकारता आलं असतं तर किती बरं झालं असतं!

तर अकरा वर्षांपूर्वीची संध्याकाळ. गाणं तीन कडव्यांचं होतं आणि तिन्ही कडव्यांची चाल एकच. नदीच्या अलीकडे उभा असलेला माणूस पलीकडच्या घरातल्या दिव्याकडे बघतो आहे. पहिल्या कडव्यात तो हाक मारतो, दुसऱ्यात वाट बघतो, तिसऱ्यात दिवा विझतो. मग पियानो एकटाच आठ मात्रांचा संथ शेवट वाजवतो, आणि वादकाचे हात खाली येईपर्यंत कुणी टाळी वाजवायची नाही, असा रिवाज.

बुवाने पहिलं कडवं गायलं आणि थेट तिसरं लावलं. दिवा विझला. आतोबांनी ते ऐकलं. दिवा विझल्यावर वाट कसली बघणार? त्यांनी बुवाची चूक पोटात घातली आणि सरळ शेवट वाजवायला घेतला. लोकांना वाटलं असतं, गाणं दोनच कडव्यांचं आहे. पण आपण काय गायलो याचा बुवाला पत्ताच नव्हता. त्याने त्या शेवटावर पुढच्या कडव्याला तोंड उघडलं, सूर सुरावर आपटला आणि सगळं थांबलं.

मग बुवा वळला. पियानोकडे बघून त्याने मान थोडी तिरकी केली आणि हसला. क्षमा करणारं हसू. दोनशे माणसांनी ते हसू बघितलं आणि दोनशे माणसांना कळलं की चुकलं कोण.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवा आमच्या खोलीत आला. मी तिथेच होते. दार लावून घेऊन म्हणाला, "बाई, माझ्या हातून झालं. कबूल. पण ही फिल्म जगभर जाणार आहे. तुम्ही ती साफ करून द्या, इथल्या लोकांना मी स्वतः सांगतो. त्याला बोल लागू देणार नाही मी."

आत्याने विश्वास ठेवला. दोन दिवस राबून तिने दुपारच्या तालमीतलं दुसरं कडवं, तिसरं कडवं आणि शेवट असा काही बसवला की नखभर फट दिसेना. मूळ चित्रण नियमाप्रमाणे पुसलं. कॅमेऱ्यातली कार्डं पुढच्या कार्यक्रमाला लागतात. पुसल्याची सही माझी आहे. ती सही मला अजून झोंबते.

बुवाने कुणाला काही सांगितलं नाही. संस्थेच्या संगीतशाळेत, जिथे आतोबा गाणाऱ्या मुलांना साथ करायचे, कुजबुज सुरू झाली की पियानोवाल्याचा हिशोब चुकायला लागलाय, वय झालं. आतोबांनी एकदाच, मुख्याध्यापकांच्या खोलीत, खरं काय ते सांगितलं. बुवा समोरच बसला होता. तो शांतपणे म्हणाला, "फिल्म आहे ना, बघून घ्या. दुसरं कडवं जिथल्या तिथे आहे."

बघितलं. होतं. आणि मग कुणीतरी हळूच म्हणालं, "फिल्म जोडते कोण? त्यांचीच बायको. नवऱ्याच्या चुकीवर पांघरूण घातलं असणार."

आत्याने तालमीचा तुकडा लावल्याचं सांगून बघितलं. पण असे तुकडे लावतात हे संस्थेला कबूलच करायचं नव्हतं. पुरावा मागितला, आणि पुरावा आम्हीच पुसला होता. तिच्याच हातच्या कामाने तिचा नवरा खोटा ठरला. त्या दिवशी ती खोलीत येऊन खुर्चीवर बसली, मूठ आपटली नाही, काही नाही. मला म्हणाली, "चल, पुढच्या महिन्याची फिल्म लाव." मला तेव्हाच कळलं की बुवाचं काही खरं नाही.

शाळेने आतोबांकडचे गायक काढून घेतले आणि त्यांना नाचाच्या वर्गावर बसवलं. तिथली बाई टाळ्या वाजवत मोठ्याने मोजते, एक दोन तीन चार, आणि त्यांनी त्यावर वाजवायचं. सगळ्या गावात ज्याच्याइतकं नेमकं मोजणारं माणूस नाही, त्याला अकरा वर्षं ओरडून आकडे ऐकवले. मुलं त्यांना 'मोजणीमास्तर' म्हणायची. घरचा पियानो बंदच राहिला, त्यावर इस्त्रीच्या कपड्यांचे गठ्ठे साठले. ते कधी तक्रार करायचे नाहीत. आत्याने कुठल्या तरी गोष्टीवरून बुवाचं नाव काढलं तर म्हणायचे, "जाऊ दे गं. त्याचं त्याच्यापाशी."

आत्या जाऊ देणाऱ्यातली नव्हे. पण करत काय होती? बुवाच्या चुका झाकत होती! दर फिल्मला त्याचा हुकलेला सूर, विसरलेली ओळ, फाटलेला आवाज डोळ्यात तेल घालून शोधायची आणि दुपारचा तुकडा बसवायची. मी वैतागून विचारलं, "अगं, तू याला देव करून ठेवतेस की!"

"चढू दे," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "पायरीवरून पडून काय लागतं माणसाला?"

आणि तो चढला. 'कधीही न चुकणारा' असं त्याच्याबद्दल छापून यायला लागलं. ते वाचून वाचून त्याचं त्यालाही खरं वाटू लागलं.

या वर्षी बुवाने निरोपाचा कार्यक्रम जाहीर केला. चौदा गाणी. संस्थेच्या पत्रकावर त्याने स्वतः दोन वाक्यं टाकून घेतली: संपूर्ण कार्यक्रम पाठ, फिल्ममध्ये एकही कट नाही. तसं त्याने संस्थेला सही करूनही दिलं. पत्रक निघालं त्याच दिवशी तो फुलांचा मोठा गुच्छ घेऊन आमच्या खोलीत हजर.

"बाई, तुम्हाला माझी पद्धत माहीतच आहे," तो म्हणाला. "मधल्या कॅमेऱ्याखाली ती पाटी लागेल. आणि मागून थोडीफार मलमपट्टी. आपल्या-आपल्यात."

पाटी म्हणजे शब्दांचा पडदा. गेली चार वर्षं बुवाला शब्द आठवत नव्हते. सभागृहाच्या मागच्या भिंतीशी, मधल्या कॅमेऱ्याच्या खाली, मोठ्या अक्षरांत एकेक कडवं दिसायचं. प्रेक्षकांची तिकडे पाठ असते. कॅमेऱ्यामागे बसून कडवी पुढे सरकवायची मी. बाकीचे दोन कॅमेरे आत्या आमच्या खोलीतून चालवायची. म्हणजे पाटीबद्दल माहीत असलेली माणसं तीनच: तो, ती आणि मी.

"हो तर," आत्या म्हणाली. "काही काळजी करू नका." तो गेल्यावर तिने गुच्छ फरशी पुसायच्या बादलीत ठेवला.

चौदातलं अकरावं गाणं नदीकाठच्या दिव्याचं होतं. बुवाने ते स्वतः निवडलं होतं. माणूस किती निर्ढावलेला असावा!

साथीला एक तरुण मुलगी होती, बुवाचीच शिष्या. बारीक, चष्मा लावणारी, आल्यावर आम्हा सगळ्यांना नमस्कार करणारी. दुपारची तालीम सुरळीत झाली. ती तिन्ही कडवी ओठांतल्या ओठांत म्हणत वाजवत होती. तालमीनंतर मी हात धुवून परत आले तर आत्या पाटीच्या यंत्रापाशी उभी. "अक्षरं जरा मोठी केली," ती म्हणाली. मी काही विचारलं नाही. विचारलं नाही म्हणजे मला कळलं नाही, असं मात्र मी म्हणणार नाही.

संध्याकाळी दहा गाणी छान झाली. अकराव्याचं पहिलं कडवं संपलं, मी कळ दाबली आणि पाटीवर दिवा विझला. तिसरं कडवं. मधल्या वाजवण्याला सुमारे दहा सेकंद असतात. एक कळ दाबली असती तर सगळं सरळ झालं असतं. माझं बोट कळीवर गेलंही. तेवढ्यात हेडफोनमध्ये आत्याचा आवाज आला, अगदी हळू: "हात लावू नकोस."

मी हात मांडीवर ठेवले. मला नाचाच्या वर्गातली ती टाळ्या पिटणारी बाई आठवत होती.

बुवाने ते कडवं काय गायलं! दिवा विझला तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका बाईने डोळे पुसले. पियानोवरच्या मुलीने मात्र झटकन मान वर केली. क्षणभर ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग चांगल्या साथीदाराने जे करायचं तेच तिने केलं. त्याच्या चुकीच्या मागे गेली. शेवट वाजवायला घेतला. मी कळ दाबली, पाटीवर दुसरं कडवं आलं, बुवाने ते वाचलं आणि त्या शेवटावर तोंड उघडलं.

सूर सुरावर आपटला. सगळं थांबलं.

बुवा वळला, मान तिरकी केली आणि हसला. तेच हसू. या वेळी त्याने बोलूनही घेतलं, "होतं असं. तरुण आहे अजून, मोजताना गोंधळते." लोक समजूतदारपणे हसले. मुलीने दोन्ही तळवे गुडघ्यांवर घट्ट दाबून धरले आणि मला एकदम भडभडून आलं, कारण आतोबा त्या दिवशी अगदी असेच बसले होते.

"कॅमेरा त्याच्यावरच ठेव," हेडफोनमध्ये आत्या स्वतःशीच म्हणत होती. "हस बाबा. पोट भरून हस."

मग बुवाने मोठ्या मनाने ते राहिलेलं कडवं पुन्हा घेतलं. दिवा विझल्यावर तो माणूस नदीकाठी दिवा बघत परत उभा राहिला. मुलीने शेवट वाजवला, हात खाली आणले, आणि टाळ्यांचा पाऊस पडला. सगळ्या बुवाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. गुणगुणत होता. "अकराव्याचं तेवढं दुपारचं लावून टाका. पोरीला मी पुढच्या दौऱ्यातून काढलंय, उगाच बोभाटा नको."

आत्याने त्याला खुर्ची दिली आणि गाणं लावलं. खाली माझे शब्द दिसत होते: हाक, विझलेला दिवा, मग वाट बघणं. बुवा बघत होता. अर्ध्यावर त्याचं गुणगुणणं बंद झालं.

"पाटीवर उलटं होतं!" तो ताडकन उठला. "बाई, पाटीवर कडवी उलटी होती!"

"कसली पाटी?" आत्या म्हणाली. "तुम्ही तर पाठ गाता."

तो पडद्याकडे वळला, परत तिच्याकडे वळला. बोलायला जावं तर वाचत होतो हे कबूल करावं लागतंय, आणि गप्प बसावं तर चुकलो हे. मी खोटं कशाला बोलू, त्याची ती तारांबळ बघून माझ्या जिवाला असा थंडावा मिळाला की तसा वर्षानुवर्षं मिळाला नव्हता.

"तुकडा लावा," तो शेवटी म्हणाला. "मी तुमच्या यजमानांबद्दल सगळ्यांना खरं सांगतो. आजच सांगतो."

"हे तुम्ही याच खोलीत सांगितलं होतं. आणि एकही कट नाही, अशी तुमचीच सही आहे. मी बापडी नोकर माणूस."

पाच दिवसांनी फिल्म गेली, जशीच्या तशी. दुपारपर्यंत मांडीवर पुस्तकं घेतलेल्या मंडळींनी धुमाकूळ घातला. गायकाने तिसरं कडवं दुसऱ्या जागी गायलं, पियानोवाली बरोबर होती, आणि वर हा तिलाच क्षमा करतोय? एका म्हाताऱ्या श्रोत्याने लिहिलं, अकरा वर्षांपूर्वी त्या सभागृहात मी होतो; हेच गाणं, हेच हसू; आम्ही एका भल्या माणसावर अन्याय केला. संध्याकाळी मुख्याध्यापकांचा आतोबांना फोन आला. माफी मागितली, गायकांचे वर्ग परत घ्या म्हणाले. आत्या फोनच्या शेजारी उभी होती. इतकी खुलली होती की विशीतली वाटत होती.

रविवारी सकाळी तिने आतोबांना फिल्म दाखवली. मीही होते. मला वाटलं, हसतील, रडतील, आत्याचा हात धरतील. त्यांनी ती शेवटपर्यंत बघितली. मग म्हणाले, "तो वाचतोय. डोळे ओळीवरून सरकताहेत बघ." मग आत्याकडे वळून, "पाटी कुणी लावली?"

"मी," आत्या म्हणाली.

"आणि त्या मुलीला सांगितलं होतंस?"

"नाही."

"म्हणजे पाच दिवस ती माझ्या जागेवर बसली होती. तू बसवलीस." त्यांचा आवाज चढला नाही, पण आत्याने मान खाली घातली. "आधी तिच्याकडे जा."

गेलो आम्ही दोघी. मुलीने दारातच सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला, परत घातला. "मला वाटायचं, वाईट तो एकटाच आहे," ती म्हणाली. "तुम्ही तर मला ओळखतही नव्हता." आणि दार लावलं. ती आमच्या संस्थेत पुन्हा वाजवायला आली नाही. आत्या जिन्यात एक पायरी चुकली, मी दंड धरला.

त्याच दुपारी आतोबा कोट घालून निघाले. "त्याच्याकडे जातो. तू चल," मला म्हणाले, "तू कळ दाबलीस." आत्याने अडवलं नाही. त्यांनी खरं सांगितलं असतं तर तिची नोकरी गेली असती, माझीही, आणि बुवा पुन्हा धुतल्या तांदळासारखा. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

बुवाच्या घरी पडदे ओढलेले होते. भिंतींवर त्याचेच फोटो. तो सपाता ओढत बाहेर आला, दाढी वाढलेली. आतोबा उभ्यानेच बोलले.

"पाटी उलटी होती. मुद्दाम केलेली होती. कुणी केली तेही मी संस्थेत सांगतो. तू फक्त एवढंच म्हण, की तू वाचत होतास."

बुवाने खुर्चीची पाठ धरली. भिंतीवरच्या फोटोंवरून त्याची नजर फिरली. शेजारच्या घरात कुणीतरी भांडी लावत होतं, त्याचा आवाज येत होता.

"मी चाळीस वर्षं पाठ गातो," तो म्हणाला.

"मग त्या दिवशी काय झालं?"

"चुकलो." त्याने खुर्चीची पाठ सोडली. "माणूस आहे. मी चुकलो. पण मी वाचत नाही."

आतोबांनी त्याला आणखी एकदा विचारलं. दोनदा विचारलं. तो तेच म्हणत राहिला, दर वेळी थोडं मोठ्याने. मग आतोबांनी कोटाचं बटण लावलं आणि आम्ही निघालो.

घरी आत्या वाटेतल्या टेबलापाशी बसून होती. समोर काही नाही, नुसती बसलेली. "काय म्हणाला?" तिने विचारलं, आणि तिचा आवाज कापला. एवढ्या वर्षांत तो मी पहिल्यांदाच कापताना ऐकला.

"म्हणाला, मी चुकलो. वाचत नव्हतो म्हणे, म्हणजे पाटी नव्हतीच."

आतोबा बूट न काढता आत गेले आणि पडद्यासमोर बसले. "ते अकरावं लाव."

आत्याने लावलं. त्यांनी पहिलं कडवं ऐकलं, तिसरं ऐकलं. मुलीने मान वर केली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले आणि तेवढं जाऊ दिलं. मग बुवा वळला, त्याने मान तिरकी केली, आणि आतोबांनी बोट वर केलं. आत्याने थांबवलं. पडद्यावर ते हसू तसंच थांबून राहिलं. आतोबा त्याच्याकडे बघत होते. आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट, आणि मग तो भिंतीच्या कडेने चालणारा माणूस खदाखदा हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. आत्या त्यांच्याकडे घाबरून बघत होती. मीही घाबरले, कारण त्या हसण्यात मऊ असं काही नव्हतं.

"अहो, पुरे आता," आत्या म्हणाली.

त्यांनी बाहीने डोळे पुसले.

"मागे घे," ते म्हणाले. "पुन्हा लाव."